बरणीचं झाकण उडालं, त्यावरून...

गेल्या एप्रिलात आयुष्यात पहिल्यांदा काजूच्या बोंडूंचं सरबत करायला घेतलं. साबुदाण्याची पेज घालून तुरटपणा खाली बसवला, रस गाळला. साखर घालून आटवायचं काम मात्र उद्यावर ढकललं. तिसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उडालं! वर फेस, आंबूस वास. सालीवरच्या यीस्टनं रसातल्या साखरेचं मद्य करायला घेतलं होतं. घाबरून सगळं माडाच्या मुळात ओतलं. महाराष्ट्रात विनापरवाना घरी दारू करणं गुन्हा आहे.

हसा खुशाल. पण मोसमात गणपतीपुळ्याच्या आसपास कुठल्याही बागेत जाऊन बघा. बी काढून घेतात, बोंडू झाडाखाली कुजतो. गोव्यात ह्याच बोंडूपासून हुर्राक आणि फेणी होते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याच राज्यानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणून नाशिकच्या वाईनला हात दिला. मग बोंडूनं काय पाप केलंय?

"देवाच्या गावात दारूची भाषा?" असं कोणी म्हणेलच. दारूनं बसलेली घरं बातमीदारी करताना मीही पाहिलीत. गावोगाव भट्ट्या नकोतच. आधी सरबत, व्हिनेगर करू. पण बोंडू दिवसभरात नासतो, लांब पाठवता येत नाही. रस काढायची सोय गावाजवळच हवी. आणि ज्याला मद्य करायचंय, त्याला परवडणारा परवाना आणि कडक तपासणी.

आज शेतकऱ्याच्या हातात फक्त बियांचे पैसे पडतात. तुमच्याकडे बोंडूंचं काय होतं? कमेंटमध्ये सांगा.