काडतुसाची नळी आणि ठासणीची बंदूक

गेल्या महिन्यांत एका वाचकबंधूंचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या तीर्थरूपांच्या वेळची १२ बोराची दुनळी बंदूक घरांत पडून आहे. तिचा सांधा ढिला झाला असला तरी नळ्या आंतून आरशासारख्या आहेत. अमेरिकेंतील हौशी लोक अशा नळ्या मागून बुजवून त्यांची ठासणीची बंदूक करितात, असें त्यांच्या पुतण्यानें वाचलें आणि सुटींत हाच उद्योग करण्याचा हट्ट धरिला. आजची पोलादी नळी बिनधुराच्या दारूचा जोर सोसते, मग काळ्या दारूचा कां सोसणार नाहीं, हा चिरंजिवांचा बिनतोड मुद्दा! काकांनीं होकार द्यावा काय?

छंद खराच आहे. इंडियाना राज्यांतील फ्रेंडशिप या गांवीं, १९३३ सालीं स्थापन झालेल्या ठासणीच्या बंदुकांच्या राष्ट्रीय मंडळाचे मेळावे भरत आले आहेत, आणि जुन्या नळ्यांस नवें काम देणारे कसबी कारागीर त्या देशांत आहेत. परंतु चिरंजिवांचा मुद्दा नळीच्या मध्यभागापुरता आहे. घात होतो तो दोन टोकांशीं.

एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असतां त्यांतील एक जींत बसेल ती १२ बोराची नळी. तिचा आंतील व्यास सुमारें ०·७२९ इंच. मागें काडतुसाचें घर असतें, तें सुमारें ०·८ इंच रुंद. छरे दूरवर एकवट जावेत म्हणून पुष्कळ नळ्या तोंडाशीं पुन्हा आवळलेल्या असतात. पूर्ण आवळ सुमारें ०·०४ इंचांचा. काडतूस मागून भरतात तोंवर यांत कांहीं बिघडत नाहीं. ठासणीच्या बंदुकींत मात्र सर्व कांहीं तोंडांतून जावयाचें. घागरीच्या तोंडांतून आंत जाणारें झांकण तिच्या पोटास पुरत नाहीं, तशीच येथें बोळ्याची गत होते. ढिला बोळा छऱ्यांसह पुढें सरकला कीं दारूपुढें पोकळी राहते, आणि नळी फुगते किंवा फुटते. त्या वेळीं डावा हात नळीखालींच असतो.

मागील टोकाचें संकट याहून मोठें. काडतुसाच्या बंदुकींत मागचा धक्का सांध्याचा भक्कम पडदा सोसतो. येथें तो सारा बुचावर, आणि बुचामागें नेम धरणाराचा डोळा. शिवाय दुनळीच्या नळ्या डाकानें जोडलेल्या असतात. वेल्डिंगच्या आंचेनें डाक सुटतो व पोलादाचें पाणी उतरतें. बाहेरून मात्र कांहीं दिसत नाहीं.

सरकारी कारखान्यांनाही अशी घाई भोंवली आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हातीं लांब पल्ल्याची बंदूक नको म्हणून इंग्रजांनीं एन्फील्डच्या नळ्यांतील आटे कोरून काढविले. नळ्या पातळ झाल्या, फुगूं लागल्या, संगीन लावली कीं वांकूं लागल्या. शेवटीं १८५९ च्या नमुन्यांत जाड नळी नव्यानें करावी लागली. संशयाची किंमत अशीही मोजावी लागते!

बर्मिंगहॅम येथें १८१३ पासून नळ्यांची जादा दारूनें कसोटी घेऊन त्यांवर शिक्का मारितात. नळींत फेरफार केला कीं ती पुन्हा कसोटीस लावावी लागते. जुना शिक्का जुन्या रूपापुरताच. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून बंदुकीचें रूपांतर करणें हाच गुन्हा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यास पुरत नाहीं.

म्हणून आम्हीं नकार कळविला. कोंकणांत डुकरांपासून पीक राखण्यासाठीं परवान्यानें ठासणीची बंदूक बाळगणारीं घरें आहेत. तशी गरज या घरास नाहीं. सांधा मात्र परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावा, आणि त्या वेळीं पुतण्यास बरोबर न्यावें. नळीचीं तिन्ही मापें त्यानें तेथें कारागिराकडून समजून घ्यावीं व कागदावर उभा छेद काढावा. आपल्या मुद्द्यांतील उणें त्याचें त्यालाच दिसेल. पत्रांत परवान्याची मुदत लिहावयाची राहिली आहे. ती काकांनीं आधीं पाहावी.