राजकन्येच्या हाती तलवार, सातबारा मात्र भावाच्या नावावर

मला परीकथा आवडतात. पोपटात जीव ठेवणारा राक्षस, बोलणारी गाय, उघडू नकोस म्हणून बजावलेली सातवी खोली, हे सगळं मला आवडतं. श्रावणातल्या कहाण्या मी आजही कान देऊन ऐकते, आणि जुन्या कथा कोणी नव्याने सांगितल्या असतील तर त्याही शोधून वाचते. चळवळीतल्या बाईने हे बोलून दाखवलं की सोबतच्या कार्यकर्त्या जरा चमकतात. कारण आपल्याकडे या कथांबद्दल दोनच मतं चालतात. एक मत असं की, या कथा बायकांना गुलामी शिकवतात, त्या टाकून द्याव्यात. दुसरं मत असं की, त्या सुधारून घ्याव्यात. म्हणजे राजकन्येला घोड्यावर बसवावं, तिच्या हाती तलवार द्यावी आणि राजपुत्राला घरी बसवावं. पहिलं मत मला पटत नाही. पण माझं खरं भांडण आहे ते दुसऱ्याशी, कारण ते आपल्याच शिबिरांतून आणि आपल्याच पुस्तिकांतून फोफावलं आहे.

पहिल्या मतात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सोमवारची शिवामुठीची कहाणी घ्या. राजाच्या सुनांपैकी एक नावडती. तिच्या वाट्याला उरलंसुरलं अन्न आणि राहायला गोठा. तिने काय करावं? व्रत करावं, म्हणजे ती आवडती होईल. तिला गोठ्यात ढकलणाऱ्या सासऱ्याला आणि नवऱ्याला कहाणी जाब विचारत नाही. आज हीच नावडती परित्यक्ता म्हणून आपल्या केंद्रात येते, तेव्हा सोबत आलेली आई म्हणते, "सोळा सोमवार कर, नांदवायला नेईल तो." तेव्हा या कथा निरुपद्रवी नाहीत, हे मान्य.

पण त्याच सोमवारी खुलभर दुधाचीही कहाणी सांगतात. राजाने हुकूम सोडला की घरोघरचं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात आणून ओता. पोरं आणि वासरं उपाशी राहिली, गाभारा काही भरला नाही. एका म्हातारीने आधी घरातल्या लेकरांना, लेकीसुनांना, गाईवासरांना तृप्त केलं आणि मग खुलभर दूध नेलं. तेवढ्याने गाभारा भरला. राजाने कारण विचारलं तेव्हा तिने त्याला तोंडावर सांगितलं की तुझ्या हुकमामुळे घराघरात लेकरं तळमळतात, म्हणून देव तुझं दूध घेत नाही. टँकर आधी कोणाच्या वस्तीवर जाणार यावरून जिथे भांडणं होतात, त्या आमच्या दुष्काळी भागात या म्हातारीइतकी ओळखीची बाई दुसरी कोणती असेल? सत्तेपुढे बोलणारी अशी बाई आपल्या आज्यांनी जपून ठेवली, आणि आपण तिला अंधश्रद्धा म्हणून उकिरड्यावर टाकायची?

आता दुसऱ्या मताकडे येते. घाटनांदूर परिसरातल्या एका बचत गटाच्या बैठकीत अशी एक सुधारलेली गोष्ट वाचून दाखवली. राजकन्येने राक्षस मारला, लग्नाला नकार दिला, राज्य मिळवलं. बायका शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एकीने विचारलं, "ती लढायला गेली तव्हा भाकऱ्या कुणी थापल्या, बाई?" सगळ्या हसल्या. मला मात्र वाटतं, या सगळ्या सुधारणेवरची सर्वांत नेमकी टीका तीच होती. भाकऱ्या दासीने थापल्या, हे उघड आहे. राजकन्या बदलली, दासी होती तिथेच राहिली. राजवाड्याचं धान्य कोणाच्या शेतातून येतं, ते कोण कापतं, कोण दळतं, हे जुन्या कथेत नव्हतं आणि नव्या कथेतही नाही. एका बाईला पुरुषाच्या जागी बसवलं आणि बाकी राज्य तसंच ठेवलं, याला आपण स्त्रीमुक्ती म्हणणार आहोत का?

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी हा अर्धा कोयता. म्हणजे लग्न लागलं की कोयता पुरा होतो. त्यात वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईबापांची धास्ती. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. कथेतली राजकन्या राजपुत्राची वाट पाहत मनोऱ्यात बसते. इथल्या मुलीला वाट पाहायलाही सवड मिळत नाही. तिच्या हाती तलवार देऊन काय होणार? हत्यार तर तिच्या हातात आहेच, कोयता. त्याने तिची सुटका झालेली नाही. तिला दहावीपर्यंत शाळा हवी, टोळी गेल्यावर राहायला वसतिगृह हवं, आणि आईबापांच्या डोक्यावरची उचल फिटायला हवी.

मग जुन्या कथा नव्याने सांगायच्याच नाहीत का? सांगायच्या. पण जिथे त्या गप्प बसतात तिथे त्यांना बोलतं करायचं.

शुक्रवारची कहाणी आठवा. श्रीमंत भाऊ गावजेवण घालतो आणि गरीब बहीण पोरांना घेऊन पंगतीला बसली म्हणून तिला अपमान करून उठवतो. पुढे व्रताने तिला संपत्ती मिळते. मग भाऊ सन्मानाने जेवायला बोलावतो, तेव्हा ती एकेक पदार्थ आपल्या दागिन्यांवर ठेवत जाते, कारण आमंत्रण त्यांना आहे, तिला नाही. केवढी धारदार बाई आहे ही! पण कहाणी पुढे काय करते? भाऊ ओशाळतो, क्षमा मागतो, बहीण जेवते, सगळं गोड होतं. बापाच्या इस्टेटीत बहिणीचा वाटा होता का, हे कोणीच विचारत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वारसा कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. कायदा आला त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तरी आजही बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठा उठवतात आणि बदल्यात माहेरची एक साडी घेतात. शुक्रवारच्या त्या बहिणीने जिलबी खाण्याआधी सातबारा मागितला तर? कथा नव्याने सांगणं मी याला म्हणते.

जिवतीच्या कहाणीत राणीला मुलगा हवा म्हणून सुईण एका गरीब बाईचं मूल चोरते आणि तुला वरवंटा झाला असं तिला सांगते. बाईच्या कुशीवर सत्ता आणि पैसा कसा डल्ला मारतात, हे या कथेला ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. २०१९ मध्ये राज्यात नेमलेल्या समितीच्या कामात जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. जिवतीची पूजा तर घरोघर होते. मग तिची कहाणी सांगताना आज ती सुईण कोण, राणी कोण आणि वरवंटा कोणाच्या पदरात पडला, हे विचारायला आपली जीभ का अडखळते?

लोकांच्या श्रद्धा दुखावतील, मूळ कथेला हात लावू नये, असं आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात. मूळ कथा म्हणजे कोणती? १८१२ मध्ये ग्रिम बंधूंनी छापलेल्या हिमगौरीच्या कथेत तिच्या जिवावर उठलेली बाई ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिची सावत्र आई केली. आईचं देवपण टिकवायला कथा बदलली तर ती परंपरा ठरते, आणि बाईचं माणूसपण टिकवायला बदलली तर विटंबना! आपल्याकडे १८८२ मध्येच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना'त सावित्रीची कथा उलटी करून विचारलं होतं की, बायकोचे प्राण परत आणायला कोणी नवरा कधी यमाच्या दारी गेला का? सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, उत्तर आलेलं नाही.

आणि एक गोष्ट. १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचं दख्खनच्या कथांचं पुस्तक निघालं. कथा सांगितल्या आया म्हणून नोकरी करणाऱ्या ॲना लिबराता डिसोझा या बाईने, पुस्तक झालं मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिच्या नावाचं. निदान तिने ॲनाची स्वतःची जीवनकहाणी तरी पुस्तकात घातली. आपण तेवढंही करत नाही. पुस्तिकेवर संस्थेचं नाव असतं, देणगीदाराचं असतं, आणि जिने कथा सांगितली ती 'ग्रामीण महिला' होऊन राहते.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. पुण्या-मुंबईत बसून नव्या परीकथा लिहून गावोगाव वाटणं आता थांबवू या. येत्या श्रावणात आपापल्या गटात कहाणी सांगू या आणि मध्येच थांबून बायकांनाच विचारू या, पुढे काय व्हावं? नावडतीने काय करावं? बहिणीने काय मागावं? त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत, त्यांची परवानगी असेल तर त्यांच्या नावानिशी लिहून घेऊ या. त्यांची उत्तरं आपल्याला नेहमीच पटतील असं नाही. एखादी म्हणेल, नावडतीने व्रतच करावं. तिच्याशी वाद घालू, पण तिच्या हातातून गोष्ट काढून घेणार नाही. आणि कहाणी संपली की हक्कसोडपत्र म्हणजे काय, फेरफारावर हरकत कशी घ्यायची, बालविवाहाची तक्रार कुठे करायची, हेही त्याच बैठकीत सांगू या. कहाणीतल्या बहिणीने सातबारा मागितला आणि ऐकणारीने मागितला नाही, तर आपलं काम अर्धंच झालं.