संमती कोणाची?

३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत ताणायला मान्यता दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ वर नेली. सरकारचे म्हणणे असे: गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, जादा कामाला दुप्पट मजुरी मिळेल. आणि सक्ती कुणावरच नाही, कामगाराची लेखी संमती लागेल.

दुप्पट मजुरी १९४८ च्या कारखाने कायद्यातच होती. तिचे श्रेय आज कुणी घेऊ नये. रोजगाराचे गणित तर उलटेच. आहे त्याच माणसाकडून जास्त तास काढता आले, तर नवा माणूस घेतो कोण? आठवड्याचे ४८ तास कायम आहेत म्हणता, मग ओव्हरटाइम वाढवायची एवढी घाई का?

खरी मेख संमतीत आहे. भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपली की दोन एकर बांध्यांचा धनी कारखान्याच्या गेटवर येतो, तोही ठेकेदारामार्फत. ठेकेदाराने फॉर्म पुढे केला, तर ‘नाही’ म्हणायचा हक्क त्याला आहे. उद्या त्याला आत घ्यायचे की नाही, हा हक्क ठेकेदाराला. अशा ठिकाणी मिळालेल्या सहीला संमती म्हणायला बरेच धाडस लागते.

एकट्या कामगाराची ही लाचारी आणि एकजुटीची गरज डॉ. आंबेडकरांनी फार आधी ओळखली होती. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारने संपाच्या हक्काला वेसण घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. त्यात ते अग्रभागी होते. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्याचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणायचे पाऊल उचलले.

मग संमती युनियनमार्फत घ्यावी, तर युनियनचे पुढारी विकले जातात, हा आक्षेप खोटा नाही. मीही असे पुढारी पाहिलेत. पण पुढारी निवडणुकीत बदलता येतो. एकट्याने दिलेली सही परत घ्यायला कुणाच्या दारात जायचे?

म्हणून मागणी एवढीच: बारा तासांची संमती कामगारांच्या गुप्त मतदानाने, संघटनेमार्फत घ्या, आणि ठेकेदारी कामगाराला त्यात मत द्या. तसे होईपर्यंत, भाऊ, फॉर्मवर एकट्याने सही करू नका.