पंचशील : कोणाच्या ओठी, कोणाच्या आचरणी?



वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर निरनिराळ्या देशांचे प्रमुख हातात हात घेऊन उभे असल्याचे छायाचित्र आपण अधूनमधून पाहता. खाली 'प्रादेशिक सहकार्य व सुरक्षा' असे शब्द असतात. आपण ते वाचता आणि पान उलटता. जळगावच्या जिनिंगमध्ये रोजंदारी करणाऱ्यास, शिरपूरकडे कापूस वेचणाऱ्या बाईस किंवा धुळ्याच्या बाजारातील हमालास त्या चित्राशी काय कर्तव्य, असे आपणांस वाटते. हा समज घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. राष्ट्रांच्या मैत्रीचा लाभ प्रथम कोणाच्या पदरी पडतो याविषयी वाद होऊ शकेल. परंतु ती मैत्री बिघडली म्हणजे हातावर पोट असणाऱ्याच्या घरात ती झळ आल्यावाचून राहत नाही, याविषयी वादास जागा नाही.

२०२५ सालच्या एप्रिल महिन्याचेच उदाहरण घ्या. भारत, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, म्यानमार आणि थायलंड या सात देशांची 'बिमस्टेक' नावाची संघटना आहे. तिची सहावी शिखर परिषद ४ एप्रिल रोजी बँकॉक येथे भरली. २०३० सालापर्यंतचा सहकार्याचा संकल्प मंजूर झाला. सागरी वाहतुकीसंबंधी करारही झाला. भारताचे पंतप्रधान आणि बांगलादेशाच्या तत्कालीन हंगामी सरकारचे प्रमुख यांची तेथे भेट झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, बांगलादेशाचा माल आपल्या भूमीवरून तिसऱ्या देशास जाऊ देण्याची सवलत भारताने काढून घेतली. त्याच महिन्याच्या मध्यास बांगलादेशाने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात थांबविली. मे महिन्यात भारताने बांगलादेशी तयार कपड्यांस खुष्कीची नाकी बंद केली. दोन्ही सरकारांपाशी आपापली कारणे होती. त्यांचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. परंतु बांगलादेश हा भारतीय कापसाचा व सुताचा मोठा ग्राहक आहे, आणि खानदेश हा कापसाचा मुलूख आहे. सुताचे गिऱ्हाईक अडले की गिरणी कापूस कमी उचलते; गिरणीची मागणी घटली की जिनिंगचे काम मंदावते; भाव पडला की वेचणीच्या मजुरीत हात आखडला जातो. या साखळीच्या शेवटच्या कडीस कोण उभे आहे, हे आपणांस आम्ही सांगावयास नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट फार पूर्वी सांगून ठेविली होती. १९५१ साली त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तो हिंदू कोड बिलामुळे, एवढेच पुष्कळांस ठाऊक असते. परंतु १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी जी कारणे दिली, त्यांत परराष्ट्रीय धोरण हेही एक होते. देशाच्या सुमारे ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक उत्पन्नापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, आणि याचे कारण आपल्याला वेळेस धावून येणारा मित्र नाही हे आहे, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा मैत्रीच्या अभावापायी जात होता. त्या पैशात किती शाळा, किती वसतिगृहे, किती विहिरी झाल्या असत्या, याचा विचार आपण करावा. परराष्ट्रनीती हा केवळ दिल्लीकरांचा विषय नसून शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याचाही विषय आहे, हे त्या निवेदनाचे मर्म होय.

आता 'पंचशील' या शब्दाकडे वळू. आपण दीक्षा घेतली तेव्हा पाच शीले ग्रहण केली. हाच शब्द २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटच्या व्यापाराविषयी जो करार झाला, त्यातील पाच तत्त्वांस लाभला. एकमेकांच्या सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, समानता व परस्परहित, आणि शांततामय सहजीवन, अशी ती तत्त्वे. पुढल्याच वर्षी, १८ ते २४ एप्रिल १९५५ या दिवसांत, इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया व आफ्रिकेतील २९ देशांची परिषद भरली आणि तिच्या दहा तत्त्वांतही यांचाच अंतर्भाव झाला. सर्वत्र जयजयकार चालला होता. अशा वातावरणात २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी वेगळा सूर काढण्याचे धैर्य दाखविले. पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा आहे. माओ यांची त्यावर खरोखर श्रद्धा असती, तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना निराळ्या रीतीने वागविले असते, असे त्यांनी सभागृहास बजाविले. ज्या राजकारणास कायमची नीती नाही, त्यात पंचशीलास स्थान नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. तो करार आठ वर्षांच्या मुदतीचा होता. १९६२ च्या जून महिन्यात ती मुदत संपली आणि ऑक्टोबरात हिमालयात तोफा धडाडल्या. ते पाहावयास बाबासाहेब हयात नव्हते.

त्यांचा इशारा खरा ठरला, एवढ्यावर समाधान मानून आपण थांबता कामा नये. त्यांनी लावलेली कसोटी काय होती, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. परिषदेत कोण काय बोलला हे त्यांनी पाहिले नाही. बोलणारा आपल्या घरातील दुर्बलांशी कसा वागतो, हे त्यांनी पाहिले. करार आणि शील यांत मूलभूत भेद आहे. करारात प्रत्येक पक्ष दुसऱ्याने पाळावयाच्या अटीकडे डोळे लावून असतो. शील मनुष्य प्रथम स्वतःवर घालून घेतो. शेजारी चोरी करतो म्हणून मीही करीन, असे शील ग्रहण करणारास म्हणता येत नाही.

हीच कसोटी आज लावून पाहा. आपल्या शेजारच्या गोव्यात १६ ऑक्टोबर २०१६ रोजी 'ब्रिक्स' देशांबरोबर 'बिमस्टेक'चे नेते एकत्र बसले होते. उरी येथील हल्ल्यानंतर इस्लामाबादची 'सार्क' परिषद रद्द झाली होती, आणि १९८५ साली ढाक्यात स्थापन झालेल्या त्या संघटनेची शिखर परिषद २०१४ नंतर आजवर भरलेलीच नाही. म्हणून सर्वांची आशा 'बिमस्टेक'कडे लागली. तिच्या सात सभासदांपैकी श्रीलंका, म्यानमार, थायलंड व भूतान हे बौद्धबहुल देश आहेत, तर तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी नेपाळात आहे. हे ऐकून नवदीक्षितांचा ऊर भरून यावा, हे स्वाभाविक आहे. परंतु गोव्यात म्यानमारच्या वतीने आंग सान सू ची बसल्या होत्या; पुढल्याच वर्षी, २०१७ च्या ऑगस्टपासून, त्यांच्या देशातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमानांस जीव मुठीत धरून बांगलादेशात पळावे लागले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सू ची यांनाच पदच्युत करून कैदेत टाकले. बँकॉकला २०२५ साली म्यानमारच्या खुर्चीवर बसले ते ही सत्ता बळकावणारे सेनाप्रमुख मिन आंग ल्हाइंग. बौद्ध म्हणविणाऱ्या सत्तेने हे केले म्हणून आपण त्यावर पांघरूण घालावे काय? मुळीच नाही. माओला जी कसोटी लागू, तीच बौद्ध राष्ट्रासही लागू.

यावर उत्तर ठरलेले असते : ही आमची अंतर्गत बाब आहे. अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व 'बिमस्टेक'नेही स्वीकारले आहे, आणि बलाढ्य राष्ट्रापासून लहान राष्ट्राचे रक्षण होण्यास त्याचा उपयोग आहे, हे आम्हास मान्य आहे. परंतु हे वाक्य आपल्या ओळखीचे नाही काय? गावात अन्याय झाला, बाहेरून कोणी विचारावयास आला, की 'हा आमच्या गावचा मामला आहे, तुम्ही मध्ये पडू नका' हेच शब्द आपल्या वाडवडिलांनी ऐकले. त्या शब्दांच्या आड काय चालते हे आपण जाणतो. म्हणून दुसऱ्याच्या दारी ते ऐकू आले असता आपण तरी गप्प बसू नये.

आणि ती कसोटी आपल्या अंगणातही लावली पाहिजे. जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याबद्दल मागासवर्गीय मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच १ जुलै रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना, मुले पळविणारे आहेत अशा अफवेवरून, जमावाने ठार मारले. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर काठमांडूत 'बिमस्टेक'ची परिषद भरली आणि तेथे सुरक्षेवर पुष्कळ बोलणे झाले. जिल्ह्यात परका भिक्षेकरी सुरक्षित नाही आणि मुलास विहीर सुरक्षित नाही, तर सीमेवरची सुरक्षा अर्धीच होय. राईनपाड्याचे मृत आपल्या जातीचे नव्हते, असे म्हणून ज्याने ती बातमी सोडून दिली, त्याचे शीलही कागदावरचेच राहिले.

धुळे शहरी आशियाई महामार्गाच्या दोन वाटा एकमेकींस छेदतात. एक हजिरा ते खरगपूर, दुसरी ग्वाल्हेर ते बंगळूर. आशियाई देशांच्या कराराने आखलेल्या या वाटा आपल्या दारावरून जातात. मग त्या करारांविषयी विचारणा करण्याचा अधिकार आपणांस नाही, असे कोण म्हणेल? राज्यघटनेच्या ५१ व्या अनुच्छेदाने आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षा यांसाठी झटण्याचे, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य व सन्मानाचे संबंध राखण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले आहे. करार मात्र सरकार करते. त्यास संसदेची पूर्वसंमती घेण्याचे बंधन नाही. म्हणूनच प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाची गरज अधिक आहे.

यासाठी आपण एवढे करावे. रविवारी विहारात जमाल तेव्हा परिषदेची बातमी मोठ्याने वाचावी आणि ती मुलामुलींना समजावून द्यावी. जळगाव, रावेर वा धुळ्याचे खासदार मते मागावयास येतील तेव्हा त्यांना विचारावे : या करारापासून आमच्या मजुरीस काय मिळाले? त्यावर सही करणाऱ्यांनी आपल्या घरातील दुर्बलांस कसे वागविले? आणि हा दुसरा प्रश्न विचारण्यापूर्वी तो आपण स्वतःलाही विचारावा. स्वतः शील पाळणाऱ्याने विचारलेला प्रश्न सत्ताधीशास सहज टाळता येत नाही.