सकाळपर्यंत थांबायचे की नाही?

संध्याकाळपासून बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो. ट्रे मात्र कोरडाच राहतो. घरातल्यांना वाटते, पोट साफ होत नसेल. सकाळी दवाखाना उघडला की नेऊ. नेमका इथेच घात होतो. नर मांजराची मूत्रनलिका अरुंद असते. खडा किंवा चिकट स्राव अडकून ती बंद झाली की लघवी तुंबते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि शेवटी हृदयाचे ठोके बिघडतात. अडथळा पूर्ण असेल तर एक-दोन दिवसांत प्राणी दगावू शकतो. वेळेत नळी घालून लघवी मोकळी केली, सलाईन दिले, तर बहुतेक बोके वाचतात. या दोन शक्यतांमध्ये अंतर असते ते अनेकदा एका रात्रीचे.

शहरांतील घराघरांत आता कुत्री-मांजरे आहेत आणि त्यांच्यासाठी दवाखानेही पुष्कळ झाले आहेत. मात्र बहुतेक दवाखाने सकाळ-संध्याकाळ चालतात आणि रात्री नऊ-दहानंतर बंद होतात. म्हणून रात्री आजारी पडलेल्या प्राण्याचे भवितव्य दोन गोष्टींवर ठरते: कोणते लक्षण थांबण्यासारखे नाही हे घरच्यांना कळते का, आणि कळले तर जायचे कुठे हे ठाऊक आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. श्वास घेताना धाप लागणे, मांजराने तोंड उघडून श्वास घेणे, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसणे, न थांबणारा रक्तस्राव, पाच मिनिटांहून अधिक चाललेली किंवा लागोपाठ येणारी आकडी, वाहनाची धडक, सर्पदंश ही सारी रात्रीच दवाखाना गाठण्याची कारणे आहेत. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्याचे पोट एकाएकी फुगले, उमाळे येऊनही उलटी पडत नसेल, तर जठराला पीळ पडल्याची शंका घ्यावी. तिथे तासांचाच हिशेब असतो. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले तर पार्वो असू शकतो आणि पिल्लू झपाट्याने कोरडे पडते. अपघातानंतर चालता-फिरता प्राणीही आतून रक्त गमावत असू शकतो.

उलट, एखादी उलटी होऊनही प्राणी पाणी पितो, शेपूट हलवतो, हाक मारली की येतो; किंचित लंगडतो पण पाय टेकवतो; अंग खाजवतो, तर सकाळपर्यंत लक्ष ठेवून थांबता येते. शंका असेल तर फोन करून विचारावे.

विषबाधेत डोळ्यांना दिसते त्यावर विसंबू नये. उंदीर मारण्याच्या काही औषधांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते, पण त्याची लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. तोवर कुत्रे धडधाकट भासते आणि उपचाराची सोपी वेळ निघून जाते. म्हणून औषधाचे पाकीट सोबत घेऊन लगेच जावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय तर टाळावाच. त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

रात्रीच्या घबराटीत आणखी एक चूक घडते: माणसांच्या औषधांच्या डब्यात हात जातो. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उष्माघात झालेल्या कुत्र्याला साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली घ्यावे आणि मग दवाखान्यात न्यावे. जखमी कुत्रे घरच्या माणसालाही चावते, म्हणून उचलण्यापूर्वी तोंडाला मऊ पट्टी बांधावी. मात्र उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नये.

रात्रीच्या आपत्कालीन दवाखान्याचे कामही समजून घ्यायला हवे. तिथे आधी आला त्याला आधी घेत नाहीत. ज्याचा जीव अधिक धोक्यात आहे त्याला आधी घेतात. प्राणवायू, सलाईन, वेदनाशमन, रक्तस्राव थांबवणे, अगदीच गरज असेल तर शस्त्रक्रिया करून प्राणी तगवणे हा तिथला उद्देश असतो. मूळ आजाराचे सविस्तर निदान पुढे नेहमीचे पशुवैद्य करतात. रात्रीचे शुल्क दिवसापेक्षा जास्त असते, कारण डॉक्टर, मदतनीस आणि यंत्रे रात्रभर सज्ज ठेवावी लागतात. खर्चाचा अंदाज सुरुवातीलाच विचारण्यात संकोच नको, आणि तो स्पष्ट सांगणे हे दवाखान्याचे कर्तव्य आहे.

दुसरा प्रश्न, जायचे कुठे, हा मात्र एकट्या मालकाने सोडवण्यासारखा नाही. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे चोवीस तास चालणारे रुग्णालय सुरू झाले. पण अशा सोयी महानगरांत एकवटल्या आहेत. तालुक्याच्या गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा भर गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांवर असतो. १९६२ या क्रमांकावरून मिळणारी फिरती पशुवैद्यकीय पथकेही मुख्यतः पशुपालकांच्या दारी पोहोचण्यासाठी आहेत, आणि ते योग्यच आहे. अधल्यामधल्या शहरांत रात्री अकराला फोन करायचा तर एखाद्या ओळखीच्या डॉक्टरलाच. दिवसभर दवाखाना चालवणाऱ्या एकट्या डॉक्टरने रोज रात्रीही जागावे ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही.

यावर मार्ग आहे आणि तो फार खर्चाचा नाही. शहरातील पशुवैद्यांनी आळीपाळीने रात्रपाळी वाटून घ्यावी. दहा डॉक्टर एकत्र आले तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला तीनच रात्री येतात. मुंबई-पुण्यासारख्या महापालिका कुत्र्यांच्या परवान्यासाठी शुल्क घेतात; त्यातून रात्रपाळीसाठी एक जागा, प्राणवायूची सोय आणि एक दूरध्वनी क्रमांक देता येईल. आज रात्री कोणाची पाळी, शुल्क किती, हे संकेतस्थळावर आणि दवाखान्यांच्या दारांवर लावावे. रात्री एकट्या डॉक्टरवर चिडलेल्या मालकांचा रोख येतो, म्हणून सोबतीला मदतनीस आणि सुरक्षारक्षक हवाच.

हे होईपर्यंत प्रत्येक घराने एक काम दिवसाउजेडी करावे. नेहमीच्या पशुवैद्यांना विचारावे, तुम्ही नसाल तेव्हा कुठे जायचे? तो पत्ता आणि क्रमांक फ्रिजवर चिकटवावा, तिथे पोहोचायला लागणारा वेळ पाहून ठेवावा, प्राणी नेणारी गाडी किंवा रिक्षा ठरवून ठेवावी, लसीकरणाची वही आणि वाहून नेण्याचा पिंजरा हाताशी असावा. मुक्या जिवाला दुखते हे सांगता येत नाही. त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाला मध्यरात्री पत्ता शोधत बसावे लागू नये.