शब्दांची ओळख: त्रिकोणाला हात की पाय?

या वेळचा शब्द भूमितीतला आहे, आयसॉसिलीझ. ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या लांबीच्या, त्याचे हे विशेषण. मूळ ग्रीक: 'इसोस' म्हणजे समान आणि 'स्केलोस' म्हणजे पाय. पाय फाकून उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे शब्द विसरणार नाही. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या पहिल्याच भागात या त्रिकोणाची व्याख्या दिली आहे.

आपण त्याला समद्विभुज म्हणतो. भुज म्हणजे हात! ग्रीकांना पाय दिसले, आपल्याला हात.

इथे वडोदऱ्यात आमची बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. माझी भाची या शब्दाचे नुसते स्पेलिंग घोकत होती. 'सम, द्वि, भुज' अशी फोड करून दिली आणि व्याख्या तिने स्वतःच सांगितली. प्रोग्रॅम लिहिताना आम्हीही नावातूनच काम कळावे असा आग्रह धरतो.

शाळेत हे मराठी शब्द मुलांच्या कानावर पडणार नाहीत. गृहपाठ घेताना आपणच ते सांगितले, तरच टिकतील.