यंत्र ग्राहकाचे, किल्ली कारखानदाराची

लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली स्वीकारणाऱ्या नवख्या माणसाची खरी सत्त्वपरीक्षा बहुधा पडद्यापाशीच होते. प्रणाली विनासायास बसते, पत्रे टंकता येतात, प्रिंटरही चालतो. परंतु यंत्रात एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याची पूर्ण शक्ती वापरण्यासाठी त्याच कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर बसवावा लागतो. तो बसवला की काम सुरळीत चालते. पुढे काही महिन्यांनी प्रणालीची नवी आवृत्ती येते आणि एके सकाळी यंत्र सुरू करावे तो समोर काळा पडदा उभा राहतो. असून अडचण, नसून खोळंबा अशी ही वस्तू आहे. अनेक जण याला किरकोळ तांत्रिक कटकट समजतात. वस्तुतः विकत घेतलेल्या वस्तूवर अखेर सत्ता कोणाची, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि यंत्राचा भाग यांमधला दुभाष्या. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो सतत बदलत असतो, आणि त्याची अंतर्गत रचना कायम राहील अशी हमी त्याचे कर्ते हेतुपुरस्सर देत नाहीत. जे ड्रायव्हर मुक्त आहेत, ज्यांची मूळ संहिता कर्नेलमध्येच समाविष्ट आहे, ते या बदलांबरोबर दुरुस्त होत जातात. बंदिस्त ड्रायव्हर मात्र बाहेरचा पाहुणा. कर्नेल बदलला की त्याचा जोडणारा भाग पुन्हा बांधावा लागतो. तो बांधला गेला नाही, की पडदा काळा. असा ड्रायव्हर बसलेल्या कर्नेलवर ‘दूषित’ अशी खूण आपोआप उमटते आणि त्यातील बिघाडाची तक्रार कर्नेलचे कर्ते सहसा हाती घेत नाहीत. ज्याची संहिता वाचता येत नाही त्याची चिकित्सा कशी करावी, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे.

या वादाला मोठा इतिहास आहे. मुक्त आज्ञावलींची चळवळ जन्मास आली तीच मुळी अशा एका अडवणुकीतून. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना तेथील लेझर प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. मूळ संहिता मागितली असता ती नाकारण्यात आली. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा कर्नेल लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. याच टॉरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात बोलताना एनव्हिडियाच्या असहकाराबद्दल जाहीरपणे अत्यंत कठोर शब्द वापरले. त्या शब्दांची सभ्यता वादग्रस्त असेल. त्यांमागील संतापाचे कारण मात्र खरे होते.

स्वयंसेवकांनी केवळ संताप व्यक्त करून समाधान मानले नाही. कार्डाची अंतर्गत माहिती उपलब्ध नसताना, त्याच्या वागणुकीचे निरीक्षण करीत त्यांनी ‘नूव्हो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर रचला आणि २०१० साली तो कर्नेलमध्ये दाखल झाला. परंतु पुढील पिढ्यांच्या कार्डांना कंपनीने स्वाक्षरी केलेल्या फर्मवेअरची अट घातली. त्यामुळे कार्डाचा वेग वाढवण्याचा मार्गच नूव्होला बंद झाला. ग्राहकाने पैसे मोजले, पण किल्ली कारखानदाराच्या कमरेलाच राहिली.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, कंपनीने कोट्यवधींचा खर्च करून मिळवलेली गुपिते जगापुढे का मांडावीत? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. शास्त्रीय गणनेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात एनव्हिडियाच्या आज्ञावलींवर असंख्य संशोधकांचे काम अवलंबून आहे; त्यांना तत्त्वासाठी हातावर हात ठेवून बसा असे सांगणे अन्यायाचे ठरेल. परंतु गुपित राखल्यावाचून धंदा चालत नाही, हे म्हणणे अनुभवास धरून नाही. एएमडीने २००७ साली आपल्या ग्राफिक्स कार्डांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्याचा मार्ग धरला आणि २०१५ साली तिचा नवा मुक्त ड्रायव्हर कर्नेलमध्ये आला. इंटेलनेही मुक्त ड्रायव्हरांचीच वाट चोखाळली. या कंपन्यांचेही फर्मवेअर बंदिस्तच आहे, हे खरे. तरी त्यांचा धंदा त्यामुळे बुडालेला नाही. खुद्द एनव्हिडियाने २०२२ च्या मे महिन्यात आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा भाग खुला केला. मात्र ही सवलत ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांच्या कार्डांपुरतीच आहे आणि ड्रायव्हरचा उरलेला मोठा भाग बंदिस्तच राहिला आहे.

येथेच सामान्य माणसाचा संबंध येतो. २०१० साली आलेल्या फर्मी पिढीच्या कार्डांसाठी असलेल्या ३९० क्रमांकाच्या ड्रायव्हरची देखभाल कंपनीने २०२२ च्या अखेरीस थांबवली. कार्ड शाबूत आहे, विजेवर चालते आहे. पण नव्या कर्नेलवर त्याचा दुभाष्या मुका झाला, आणि नूव्होच्या आधाराने ते जेमतेम चालते. याउलट २००२ साली आलेल्या रेडिऑन ९७०० कार्डाच्या पिढीचा मुक्त ड्रायव्हर लिनक्समध्ये आजही आहे. श्रीमंत कंपनी जुनी यंत्रे फेकून नवी घेईल. ज्या शाळेने वर्गणी जमवून संगणक-कक्ष उभारला, तिला यंत्राचे आयुष्य कारखानदाराच्या मर्जीवर सोडणे परवडणारे नाही.

मग करावे काय? ज्याच्या यंत्रात असे कार्ड आहेच, त्याने बंदिस्त ड्रायव्हर बसवण्यात अपराध मानू नये. मुक्ततेच्या बाबतीत कर्मठ समजल्या जाणाऱ्या डेबियननेसुद्धा २०२२ साली मतदान घेऊन आपल्या संस्थापन-संचात बंदिस्त फर्मवेअरला जागा दिली. मात्र ड्रायव्हर घ्यावा तो आपल्या लिनक्स-वितरणाच्या भांडारातून. कंपनीच्या संकेतस्थळावरून परस्पर उतरवून बसवलेला ड्रायव्हर पुढच्या बदलात दगा देण्याचा संभव अधिक.

खरा निर्णय मात्र त्याच्या कितीतरी आधी, खरेदीच्या वेळी होत असतो. भारत सरकारने २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी मुक्त आज्ञावलींचा अंगीकार करण्याचे धोरण जाहीर केले. परंतु निविदेत यंत्राची किंमत आणि वेग यांचीच चौकशी होत असेल आणि ड्रायव्हर खुला आहे की नाही हे कोणी विचारतच नसेल, तर असले धोरण कागदावरच राहावयाचे. शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्या यांनी निविदेत हा एक प्रश्न घालावा. त्यास खर्च काहीच नाही. कारखानदार उपदेश ऐकत नाही, मागणी मात्र ऐकतो. ती नोंदवण्याची वेळ पैसे मोजण्यापूर्वीची आहे. पडदा काळा झाल्यावर केलेल्या तक्रारीला कोणी दाद देत नाही.